खानेसुमारीतले पूर्वज

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेली पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यातून पुढे वाहू लागते तिथेच, बुलढाणा शहराच्या जवळ, तिच्या काठी देऊळघाट हे जुने आणि दाट वस्तीचे गाव आहे. या गावातील एखाद्या कुटुंबाने, मग ते कुणबी असो, माळी असो, पूर्वीच्या महारवाड्यातले असो की पिढ्यान् पिढ्या पैनगंगेच्या पाण्यावर नांदलेले मुसलमान घराणे असो, आपल्या पणज्याच्या पलीकडचा पुरुष कोण, त्याची बायको कोणत्या गावची आणि तो या गावी आला कोठून, याचा छडा लावायचे मनावर घेतले, तर बहुतेकांच्या मनात पहिली कल्पना येते ती जुन्या जनगणनेची. इंग्रज सरकारने घरोघर हिंडून माणसे मोजली, तेव्हा आपल्या पूर्वजांची नावेही कुठल्या तरी दप्तरात बांधून ठेवलेली असणारच, असे त्यांना वाटते. ही अपेक्षा अगदी स्वाभाविक आहे. इंग्लंडात १८४१ पासूनच्या खानेसुमारीचे घरोघरचे कागद जपलेले आहेत आणि शंभर वर्षे लोटली की ते सर्वांना खुले होतात. १९२१ चे कागद २०२२ च्या जानेवारीत तसे खुले झाले. अमेरिकेत ही मुदत बहात्तर वर्षांची आहे, आणि तेथील १९५० ची नामावळी त्याच वर्षी लोकांच्या हाती आली. लंडनमधला एखादा मनुष्य आपल्या खापरपणज्याचे नाव, वय, धंदा आणि त्या रात्री त्याच्या घरी झोपलेल्या पाहुण्याचे नावसुद्धा घरबसल्या वाचू शकतो. मग देऊळघाटच्या माणसाला ते का साधू नये?

वऱ्हाडात माणसे मोजली गेली नाहीत असे मुळीच नाही. उलट हिंदुस्थानातील पुष्कळ प्रांतांच्या आधी ती येथे मोजली गेली. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली दिले, आणि त्यानंतर चौदा वर्षांनी, १८६७ मध्ये, या मुलखाची पहिली रीतसर शिरगणती झाली. पुढे १८८१ च्या १७ फेब्रुवारीला सबंध देशाची एकाच रात्री गणना झाली. वऱ्हाडचा त्या सालचा अहवाल यूस्टेस किट्स या अधिकाऱ्याने लिहिला आणि १९०१ चा आर्देसर दिनशाजी चिनॉय यांनी. गणनेची रात्र बहुधा चांदण्याची निवडीत, म्हणजे गणकाला गल्लीबोळांतून आणि मळ्यांतून हिंडणे सोपे जाई. त्याच्या कित्येक दिवस आधी घरांवर क्रमांक घातले जात, तक्ते भरून ठेवले जात, आणि त्या रात्री गणक पुन्हा दारोदार जाऊन कोण आला, कोण गेला, कोण उपजला, कोण वारला, एवढी दुरुस्ती करी. नाव, लिंग, वय, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, लिहिता-वाचता येते की नाही, अंध किंवा मूकबधिर आहे काय, इतके सारे त्या तक्त्यात लिहिलेले असे. म्हणजे त्या फेब्रुवारीच्या रात्री देऊळघाटच्या प्रत्येक घराचे एक संपूर्ण शब्दचित्र कागदावर उतरले होते, आणि आज ज्याच्यासाठी एखादा नातू कासावीस होतो ते नेमके त्यातच होते.

ते चित्र टिकले नाही, याचे कारण सरकारच्या हेतूत आहे. सरकारला माणसे हवी नव्हती, बेरजा हव्या होत्या. तक्त्यांवरून गोषवारे काढले जात. १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती एका छोट्या चिठ्ठीवर उतरवून घेऊन, धर्माप्रमाणे चिठ्ठ्यांचे रंग निरनिराळे ठेवून, त्या खणाखणांत वाटून मोजण्याची पद्धत देशभर आली. मोजणी आटोपली, कोष्टके छापून झाली, की मूळ तक्ते आणि चिठ्ठ्या यांचे प्रयोजन संपले असे धरून ते नष्ट करण्यात येत. ग्रंथालयांतून आज जे जाडजूड खंड दिसतात त्यांत जिल्ह्याची लोकसंख्या आहे, जातवार आणि धंदेवार आकडे आहेत, १९३१ पर्यंतच्या जातींची बारीक विभागणी आहे; परंतु त्यांत एकाही शेतकऱ्याचे नाव नाही. स्वातंत्र्यानंतर तर कायद्यानेच हा दरवाजा बंद केला. १९४८ च्या जनगणना अधिनियमाच्या पंधराव्या कलमाप्रमाणे जनगणनेच्या वेळी भरलेले कागद पाहण्याचा कोणालाही हक्क नाही आणि दिवाणी दाव्यात ते पुराव्यादाखल चालत नाहीत. लोकांनी निर्भयपणे खरी माहिती सांगावी म्हणून हे बंधन घातले आहे आणि ते योग्यही आहे, तथापि शंभर वर्षांनी तरी ते शिथिल व्हावे अशी तरतूद आपल्याकडे कोणी केली नाही, याचे वाईट वाटते.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९५१ च्या गणनेबरोबर, तिच्यातलाच निवडक मजकूर उतरवून, गावोगाव नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार करण्यात आले होते, आणि त्यात घरवार माणसांची नावे होती. जेथे ते शिल्लक आहे तेथे आपल्या देशातील जनगणनेचे नावानिशी वाचता येईल असे तेवढेच पान शिल्लक आहे असे म्हणावे लागेल.

तथापि या छापील खंडांना निरुपयोगी मानणे अन्यायाचे होईल. १८९१ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती आणि १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ वर उतरली. माणसे दहा वर्षांत वाढायची ती घटली, कारण मध्ये १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन दुष्काळ येऊन गेले होते. एखाद्या घराण्याच्या वंशावळीत तीन भाऊ दिसावेत आणि पुढच्या पिढीत त्यांपैकी एकाचीच शाखा चालू राहावी, याचा उलगडा घरच्या आठवणीतून होत नाही. तो या दोन आकड्यांच्या वजाबाकीत होतो. पूर्वज सापडण्यापूर्वी त्यांच्यावर कोणता काळ येऊन गेला हे ठाऊक असले, तर पुढे जी तुटक नोंद हाती येते तिचा अर्थ लागतो.

नावानिशी नोंद कोठे मिळते? विदर्भात या प्रश्नाचे पहिले उत्तर 'कोतवाल बुक' हे आहे. गावात कोण जन्मले आणि कोण वारले याची वर्दी देणे हे गावकामगारांचे काम होते, आणि त्या वर्दीवरून भरलेल्या जन्ममृत्यूच्या वह्या आज बहुतेक ठिकाणी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात. रीतसर अर्ज करून त्यांची नक्कल मिळते. इतिहासाचे साधन म्हणून या वह्यांची योग्यता फार मोठी आहे असे माझे मत आहे, कारण राजेरजवाड्यांच्या बखरीत ज्यांना कधी जागा मिळाली नसती अशा माणसांच्या जन्माची आणि मरणाची तारीख गावातल्या सर्वांत खालच्या नोकराच्या तोंडून त्यांत उतरली आहे. नोंद अगदी थोडक्यात असते: अनुक्रमांक, तारीख, बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, मृत्यूची असल्यास वय आणि कारण. मुलाचे नाव जन्माच्या ओळीत बहुधा नसते, कारण बारसे व्हायच्या आत वर्दी गेलेली असते. अमक्यास मुलगा झाला, एवढेच लिहिलेले असते, आणि तो मुलगा थोरला की धाकटा हे घरच्या माणसाने आठवणीवरून ठरवावे लागते. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ताप, हगवण, खोकला, देवी, पटकी असे मोजके शब्द पुनःपुन्हा येतात. १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली, तिने हिंदुस्थानातील प्रांतांपैकी मध्यप्रांत-वऱ्हाडला सर्वांत जबर तडाखा दिला. त्या सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या पानांवर तापाखेरीज दुसरा शब्द शोधूनच काढावा लागतो. अशा पानावर एकाच आडनावाची चार-पाच माणसे आठवड्याभरात गेलेली दिसली, की पुढच्या पिढीतला एकुलता एक मुलगा मामाच्या घरी का वाढला, हे सांगायला दुसऱ्या कागदाची गरज राहत नाही.

कोतवाल बुकाच्या जोडीला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. त्यात मुलाचे स्वतःचे नाव असते, बापाचे असते, जात आणि जन्मगाव असते, आणि शाळा का सोडली तेही असते. जन्मतारीख मात्र गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याचा संभव मोठा. जून-जुलैच्या पहिल्या तारखेला जन्मलेल्या मुलांची जुन्या रजिस्टरांतील गर्दी पाहिली म्हणजे याची खात्री पटते. कोतवाल बुकातील तारीख आणि शाळेतील तारीख यांत तीन-चार वर्षांचे अंतर पडले, तर माणूस दुसराच आहे असा निर्णय घाईने करू नये.

तिसरे साधन जमिनीचे, आणि ज्यांच्या घराण्यात कधीकाळी बिघाभर का होईना रान होते त्यांच्यासाठी तेच सर्वांत भरवशाचे. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि त्या नंबरापुढे खातेदाराचे नाव लागले. जुन्या नोंदीत आडनाव नसणे हा शोधकाचा मोठा शत्रू आहे. एका गावात एकाच काळी चार रामा आणि तीन किसना असतात, आणि बापाचे नावही जुळले तर कोणता रामा आपला हे कळायला मार्ग राहत नाही. अशा वेळी माणसाचा माग सोडून शेताचा माग धरावा. समजा, आज घरात जे शेत आहे त्याचा गट नंबर ठाऊक आहे. एकत्रीकरण योजनेत त्या गटात कोणते जुने सर्व्हे नंबर पडले ते आधी भूमी अभिलेख कचेरीतून काढावे. मग त्या सर्व्हे नंबराची १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखातील ओळ पाहावी. तेथे 'किसन वल्द रामा' असे नाव आढळले तर फेरफार पंजीत मागे जात राहावे, जोवर रामाच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार हाती येत नाही. या फेरफारात रामाच्या सगळ्या वारसांची नावे एका ठिकाणी येतात, आणि त्यामुळे घरात कोणाला ठाऊक नसलेला एखादा चुलत घराण्याचा मूळ पुरुष अवचित समोर उभा राहतो. एकत्रीकरणापर्यंत सर्व्हे नंबर सहसा बदलत नाही, बांध फारसा सरकत नाही, आणि म्हणून बापाकडून मुलाकडे जाणारा धागा शेतातून जितका अखंड मिळतो तितका दुसऱ्या कशातून मिळत नाही.

हे सारे कागद कोठे मागावेत, याविषयी देऊळघाटकरांनी आपल्या प्रांताचा राजकीय इतिहास थोडा लक्षात ठेवला पाहिजे. गावाची वेस न ओलांडताही येथील कुटुंब निजामाच्या अमलातून १८५३ मध्ये इंग्रजांकडे आले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, १९५० मध्ये मध्य प्रदेशात गेले, १९५६ च्या १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबईत आले आणि १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्रात. त्यामुळे वरच्या कचेऱ्यांचे दप्तर हैदराबाद, नागपूर आणि मुंबई असे वाटले गेले आहे. पुराभिलेख खात्याच्या नागपूर शाखेचा रस्ता म्हणूनच विसरून चालत नाही. त्यातही आणखी एक अडचण अशी की बुलढाणा हे जिल्ह्याचे ठाणे असले तरी जुन्या काळी ते चिखली तालुक्यात मोडत असे, आणि देऊळघाटही त्याबरोबर. तेव्हा जुन्या यादीत बुलढाणा तालुका शोधणारा हात हलवीत परत येतो. याच जिल्ह्यात देऊळगाव राजा आहे, देऊळगाव मही आहे, आणि इंग्रजी कागदांत देऊळघाटचे नाव निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले आढळते. घाईत वाचणाऱ्याच्या हातून एका गावचा पूर्वज दुसऱ्या गावी नेऊन बसवला जातो.

लिपी आणि कालगणना यांची तयारीही हवी. मराठी दप्तराचा जुना भाग मोडीत आहे, आणि अक्षर सुटे न लिहिता एका ओढीत लिहिण्याच्या तिच्या पद्धतीमुळे सराव नसलेल्याला एक नाव लावायला अर्धा दिवस लागतो. निजामी आणि मोगली अमदानीतल्या सनदा फारशीत आहेत. काझी, मुजावर, खतीब यांच्या इनामांची चौकशी झाली त्या मिसलींत घराण्याच्या तीन-तीन, चार-चार पिढ्यांची वंशावळ दाखल केलेली सापडते, कारण इनाम पुढे चालण्यासाठी ती द्यावीच लागे. देऊळघाटच्या मुसलमान घराण्यांनी हा मार्ग अवश्य तपासावा. फसली सन दिसला तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवावेत, शकात ७८ किंवा ७९, आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००, म्हणजे इसवी सन निघतो. कोणता आकडा घ्यायचा ते महिन्यावर अवलंबून असते.

गेल्या काही वर्षांत हे दप्तर एकाएकी गजबजले. मराठा समाजातील ज्यांच्या पूर्वजांची कुणबी म्हणून नोंद आहे त्यांना दाखले देता यावेत म्हणून २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि पुढे तिचे कार्यक्षेत्र सगळ्या राज्यापर्यंत वाढले. जन्ममृत्यूच्या वह्या, शाळांची रजिस्टरे, पाहणी पत्रके, खासरे, खरेदीखते, दत्तकपत्रे, इतकेच नव्हे तर तुरुंगातील कच्च्या कैद्यांची नोंदवही आणि ताडीच्या परवान्यांची वही इथपर्यंत सर्व कागद त्यासाठी उलगडले गेले, आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना कचेऱ्यांतून बोलावणी आली. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, त्यामुळे एरवी पूर्वजांचा विचार ज्याने कधी केला नसता असा कॉलेजात जाणारा मुलगाही आज आजोबांच्या बापाचे नाव शोधीत तहसीलच्या खिडकीपाशी उभा असतो. गरज दाखल्याची असली तरी त्या निमित्ताने घराण्याचा इतिहास घरात येतो, आणि मला तो लाभ दाखल्याइतकाच मोलाचा वाटतो. मात्र एक कळकळीची विनंती करावीशी वाटते: ही पाने जीर्ण आहेत, हजारो हातांनी ती उलटली जात आहेत, ज्यांची छायाचित्रे घेऊन झाली त्यांना विश्रांती मिळावी, आणि नक्कल मागणाऱ्याला छायाचित्रावरूनच ती देण्यात यावी.

शेतजमीन ज्यांना कधी मिळालीच नाही त्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. सालदार, मजूर, कारागीर यांचे नाव खातेउताऱ्यात येत नाही. ते कोतवाल बुकात येते, क्वचित शाळेत येते, आणि मधल्या काळात लोप पावते. याच संदर्भात मॉरिशसमधील मराठी लोकांची आठवण होते. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून जे त्या बेटावर गेले त्यांचे नाव, बापाचे नाव, गाव, वय आणि पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा नोंदले गेले, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्यांच्या वंशजांना ते कागद आज पाहता येतात. जो देश सोडून गेला त्या मजुराचा माग असा लागतो, आणि ज्याने गाव कधी सोडले नाही त्याचा लागत नाही, ही गोष्ट मनाला खिन्न करते.

आणि स्त्रिया? शिरगणतीच्या गणकाला अशी मुभा होती की घरातील स्त्रीचे नाव सांगायला घरच्यांची हरकत असेल तर त्या जागी केवळ 'स्त्री' असे लिहावे. कोतवाल बुकाच्या जन्माच्या ओळीत आईला रकाना नसे. जमिनीच्या कागदांत मात्र ती आढळते, पण बहुधा नवऱ्याच्या नावाला जोडून: नवरा हयात असता 'गंगाबाई जौजे रामा', तो गेल्यावर 'गंगाबाई बेवा रामा', आणि मुलगे लहान असले तर त्यांच्या नावापुढे 'अज्ञान पालन करणारी आई गंगाबाई'. नवऱ्याच्या मृत्यूने तिला सरकारी दप्तरात स्वतःची ओळ मिळे. तिचे माहेर कोणते, तिचा बाप कोण, हे या ओळीतूनही कळत नाही. मुसलमान घराण्यांत काझीकडील निकाहाची वही टिकली असेल तर तेथे वधूचे नाव, तिच्या बापाचे नाव, मेहरची रक्कम आणि साक्षीदार हे सर्व लिहिलेले सापडते, आणि या एका बाबतीत ती वही सरकारी दप्तरापेक्षा सरस ठरते. इतरांना आधार उरतो तो घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणाचा. सासू कोणत्या गावची, तिची सासू कोणत्या गावची, लग्नाचे वऱ्हाड बैलगाडीने कोणत्या वाटेने आले, हे आजीला विचारून लिहून ठेवावे, आणि ते कचेरीत अर्ज करण्यापूर्वी करावे. कारण माहेरच्या गावाचे नाव कळले की त्या गावच्या कोतवाल बुकात तिच्या बापाच्या नावापुढे 'मुलगी' अशी ओळ शोधता येते, आणि सालाचा अंदाज असला तर ती सापडण्याचा पुष्कळ संभव असतो.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग बापाचे नाव आणि त्यानंतर आडनाव लिहिण्याचे ठरवले आहे. त्या तारखेनंतर जन्मलेली देऊळघाटच्या घराघरांतील मुले शाळेत जाऊ लागतील, तेव्हा रजिस्टरात त्यांच्या नावापुढे लगेच आईचे नाव येईल.